झोपायच्या खोलीतला दाब

मुलगी झोपली की मी लॅपटॉप उघडते. तरी तिचं पोट वरखाली होतंय ना, ते बघायला सारखी उठते. आई फोनवर म्हणते, "अगं, तिचा श्वास ती घेईल. तू तुझा घे आधी." नवरा बोटीवर, त्याचं बोलणं तिथल्या नेटवर्कच्या मर्जीवर. दिवसभर घरात बोलणारी मी एकटी. फ्रिजशीसुद्धा बोलून झालंय.

त्यामुळे ऑफिसच्या तळमजल्यावर पाळणाघर निघणार म्हटल्यावर मी धावत जाऊन मुलीचं नाव घातलं. सोमवारी उघडणार होतं. ती खाली, मी वर माझ्या टेबलाशी, आणि जेवताना समोर मोठी माणसं! आग लागली की छतातून पाणी फवारणारे तिथले स्प्रिंकलर आमच्याच कंपनीने बसवलेले. त्यांची ॲज-बिल्ट ड्रॉइंग काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. म्हणजे पाइप ठरले होते तसे नव्हे, बसले तसे दाखवायचे. त्यावरून पाण्याच्या दाबाचं गणित करायचं, साहेबांनी सही करायची, की दार उघडलं.

हे गणित आम्ही सगळ्यात लांबच्या स्प्रिंकलरचं करतो. तिथे दाब पुरला की अलीकडे पुरतोच, असं धरून चालतो. लांबचा होता व्हरांड्याच्या टोकाला. पुरला. फाइल बंद करणार, तेवढ्यात मनात आलं, हिचा पाळणा कुठे लावतील? खिडकीशी नको, ऊन येईल. भिंतीशी बरा. त्या भिंतीवरचा पाइप कुठून येतो ते बघायला मी फिटरकाकांनी पाठवलेला छताचा फोटो मोठा केला, आणि लगेच फोन लावला.

"काका, झोपायच्या खोलीत पाइप आहे की सापशिडी?"

"काय करू ताई, एसीचा डक्ट आडवा आला. सरक म्हटलं, तर ऐकेना."

"आणि बारीक का घातला?"

"जाड संपला होता. पण खोली पंपाला लागून आहे हो. पाणी धो धो येईल, काळजी सोडा."

काळजी सोडायला मला कुणी शिकवलेलंच नाही. मी एकेक वळण मोजून घातलं. बारीक पाइप, एवढी वळणं, आणि त्यावर चार स्प्रिंकलर. दाब पुरेना. आकडे चुकलेत म्हणून परत केलं. तेच.

साहेबांना सांगितलं.

"लांबचा पास आहे ना? मग जवळचा कोण काढत बसतं?"

"मी काढलाय, सर. तिथे मुलं झोपणार आहेत."

"तुझीही त्यात आहे, नाही का? हे बघ, छत परत उघडायचं, सामान यायचं, महिना-दीड महिना सहज जाईल. तोवर तू घरीच. तू जे काढशील त्यावर मी सही करेन. ठरव."

फोन ठेवल्यावर मी डक्टच्या जागी सरळ रेघ मारून बघितली. जाड पाइप, एकही वळण नाही. दाब कसा झक्क आला! सोमवारी मुलीला कोणता फ्रॉक घालायचा, तेही ठरवून झालं माझं. मग आत जाऊन तिच्या पोटाकडे बघत उभी राहिले, बराच वेळ. परत आले आणि रेघ पुसली. होती तेवढी सगळी वळणं परत आखली, खाली 'दाब अपुरा, पाइप बदलावा' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर गदारोळ. "उद्घाटन पुढे ढकललंय म्हणे!" "कागदं रंगवणाऱ्या कुठल्यातरी शहाण्याने खोडा घातला." जुळ्यांच्या आईने लिहिलं, "मी सोमवारी कामावर हजर होते म्हणून कळवून बसलेय. आता काय तोंड दाखवू?"

मी टाइप केलं, "तो शहाणा म्हणजे मी." खाली चार ओळींत डक्ट, बारीक पाइप, दाब, सगळं समजावलं.

वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. जुळ्यांची आई 'टाइप करत आहे' असं दिसलं, आणि मग ते गेलं.

मुलगी उठली होती. तिला कडेवर घेऊन मी खिडकीशी गेले आणि पाणी वळणावळणाला कसं थकत जातं, ते तिलाच सांगायला लागले. तिने माझं नाक घट्ट धरून ठेवलं. मी तशीच, नाकातून बोलत राहिले.