तलावाच्या काठचा चढ

टेबलावर अकरा वस्तू होत्या. तलावाचा मोठा नकाशा; तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर ठेवलेले दोन कप, मिठाची बरणी आणि सायकलचं एक सुटं पेडल; दोन पेन्सिली, खोडरबर, पायवाटेची लांबी मोजायला घेतलेलं दोऱ्याचं रीळ, लॅपटॉप, आणि बिस्किटांचा पुडा, ज्यात तीनच बिस्किटं उरली होती. टेबलाभोवती माणसं चार आणि खुर्च्याही चार. पण टेबलाला चिकटून होत्या तीनच. चौथी, म्हणजे बाबांची, भिंतीच्या दिशेने सरकली होती. अंदाजे पन्नास सेंटिमीटर.

घरातल्या धाकट्या लेकीने, धाकटीने, हे अंतर मनात नोंदवलं. जेवायला बसले तेव्हा ते शून्य होतं.

"पुन्हा सांग," बाबा म्हणाले. "एकूण चढ किती?"

"एक हजार नऊशे साठ मीटर. पण दोन दिवसांत मिळून."

"दोन दिवसांत मिळून," बाबांनी मान हलवली आणि डावा पाय लांब केला. सात महिन्यांपूर्वी त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "मग तुम्ही दोघी जा. मी घरी बसून तुमचे फोटो बघेन."

"वा! म्हणजे मला शांतता मिळायची ती पण गेली," आई म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि आठवडाभर लोकांचे 'आ' ऐकून तिला रविवारी रिकामं घर हवं होतं. "मी या सहलीची तुमच्यापेक्षा जास्त वाट बघतेय. घरात कोणी नसेल असे दोन दिवस मला लग्नानंतर मिळालेले नाहीत."

आत्या हसली नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शिवणाचं दुकान चालवायची आणि एकसष्टाव्या वर्षी माउंटन बाइकवरून दगडधोंड्यांतून अशी जायची की तरुण पोरं बाजूला व्हायची. "अरे, तू अंग काढून घेणार हे मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "ऑपरेशन गुडघ्याचं झालं, पण सुन्न तू सगळाच पडलास."

"ताई, आकडा बघ ना! एकोणीसशे साठ! तो काय मी काढलाय?"

आकडा धाकटीने काढला होता.

सहल तिच्याच डोक्यातून निघाली होती. बाबांनी पाणीपुरवठा खात्यात सत्तावीस वर्षं याच तलावाची पातळी मोजली. रोज सकाळी सात वाजता, बांधाच्या भिंतीजवळच्या त्याच कठड्यावर उभं राहून. तिथून पलीकडचा काठ म्हणजे झाडांची एक हिरवी रेघ दिसायची. त्या रेघेवर एक विश्रामगृह आहे, त्यामागे पाइनची झाडं आहेत, आणि काठाकाठाने सायकलींची सेहेचाळीस किलोमीटरची पायवाट आहे, हे बाबांना ऐकून माहीत होतं. पाहिलं मात्र कधीच नव्हतं. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात जायचं ठरलं होतं, तेवढ्यात गुडघ्याने दगा दिला. आणि त्यानंतर बाबांना कशालाही बोलवा, उत्तर एकच: तुम्ही जा. लग्नाला, तुम्ही जा. नाटकाला, तुम्ही जा. धाकटीला भीती वाटत होती ती याची, की अजून वर्षभर असंच चाललं तर 'तुम्ही जा' हाच त्यांचा स्वभाव होऊन बसेल.

विश्रामगृहात तीन खाटांची खोली तिने राखून ठेवली होती. माणसं दोन की तीन, ते रविवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. आज गुरुवार.

जेवणाची भांडी आवरून आई झोपायला गेली, आत्या घरी गेली. धाकटी लॅपटॉप बंद करणार तोच बाबा मागे येऊन उभे राहिले.

"हा आकडा काढलास कसा?"

"एका माणसाने ही फेरी मारून सगळी नोंद इंटरनेटवर टाकलीय. सायकलला लावलेल्या यंत्राने दर सेकंदाला समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली. मागच्या सेकंदापेक्षा उंची वाढली की तेवढा चढ धरायचा. सगळे चढ मिळवले."

"उतार?"

"ते सोडून दिले. उतारावर कुठे गुडघा दुखतो?"

"दाखव तो कागद."

कागद नव्हता, चौदा हजारांहून जास्त ओळी होत्या. बाबांनी चष्मा लावला आणि हिशेबनीस वही तपासतो तसे ते आकड्यांवरून बोट फिरवत खाली जाऊ लागले. ४१२.१, ४१२.३, ४१२.०, ४१२.२, ४११.९. त्यांचं बोट थांबलं. मग थोडं खाली गेलं आणि पुन्हा थांबलं. मग बाबा हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, मग खुर्चीची पाठ धरून.

"काय झालं?"

"अगं, हे बघ. चारशे पाच. हे बघ, चारशे चार. तलाव काठोकाठ भरला की पातळी किती असते माहितीये? चारशे आठ पॉइंट तीन. आणि गेल्या महिन्यात तो काठोकाठ भरलाय, पेपरात आलंय. फेरी कधीची आहे ही?"

"गेल्या महिन्याची."

"मग हा गृहस्थ निदान तीन ठिकाणी पाण्याखालून सायकल चालवतोय!"

धाकटीने स्क्रीनकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावला. भौतिकशास्त्राची पदवी, वर मोजमापांच्या प्रयोगशाळेत नोकरी. दिवसभर ती दुसऱ्यांची थर्मामीटर किती चुकतात ते शोधायची. आणि घरी येऊन एका स्वस्त यंत्राची थरथर तिने बेरीज करून डोंगर म्हणून मांडली होती. सपाट रस्त्यावर उभी सायकलसुद्धा या हिशेबाने तासाभरात टेकडी चढून गेली असती.

"हे कोणाला सांगू नका," ती म्हणाली.

"छे छे. फक्त आत्याला." बाबांनी खुर्ची ओढून घेतली आणि टेबलाला लावून बसले. "मीसुद्धा पहिल्या आठवड्यात हेच केलं होतं. वाऱ्याच्या दिवशी उघड्या पट्टीवर पातळी वाचली. एका तासात तलाव सहा वेळा वर आणि सहा वेळा खाली. साहेबांनी वही बघितली आणि विचारलं, तलावाला उचकी लागलीय का? मग मला पाइप दाखवला. उभा लोखंडी पाइप, पाण्यात सोडलेला, खाली बोटाएवढं भोक. पाणी आत येतं, पण सावकाश. लाटा बाहेर डोकं आपटत बसतात. पट्टी त्या पाइपात."

"म्हणजे मला या आकड्यांना पाइप लावायला हवा."

"मग लाव की!"

तिने दर तीस सेकंदांची सरासरी घेतली आणि तीन मीटरपेक्षा लहान चढ सोडून दिले. बाबांनी नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा पेन्सिलने मोजत तेच काम हाताने केलं. लॅपटॉपवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण पेन्सिलवर जास्त होता. तिचं उत्तर आलं चारशे तीस. त्यांचं आलं चारशे दहा. पहिल्या उत्तराच्या पाव भागाहूनही कमी.

बाबांचा चेहरा उजळला, आणि मग जरासा आक्रसला. पेन्सिलचं टोक विश्रामगृहाच्या अलीकडे येऊन टेकलं होतं. "बाकी सगळं चिल्लर आहे. पण हा एक चढ खरा आहे. चौदाशे मीटरमध्ये शहाण्णव."

"तिथे उतरून ढकलत जाऊ."

"ढकलणंच तर वाईट! फिजिओथेरपिस्टबाई काय म्हणाल्या? सायकल चालवा, पण चढावर चालू नका." त्यांनी पेन्सिल नकाशावर ठेवली. मग म्हणाले, "विचारतो त्यांना."

'विचारतो' हा शब्द सात महिन्यांत पहिल्यांदाच घरात आला होता.

शुक्रवारी बाईंनी फोनवर अट घातली. तेवढाच चढ आधी इथे चढून बघा. चढण्याआधी गुडघ्याचा घेर मोजा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. सूज एक सेंटिमीटरच्या आत राहिली तर जा, त्याहून जास्त असेल तर या वर्षी विसरा.

त्याच संध्याकाळी बाबांची सायकल दुकानात गेली. सायकलवाल्याने मागचं चाक काढलं आणि सर्वांत मोठं दातेरी चक्र जिथे होतं तिथे त्याहून मोठं बसवलं. "काका, आता पाय जास्त वेळा फिरतील, पण जोर कमी लागेल," तो म्हणाला. "मुंगीसुद्धा ओव्हरटेक करेल. मनाला लावून घेऊ नका."

"मुंगीला गुडघे किती असतात रे?" बाबांनी विचारलं.

"काका, पाय सहा. गुडघ्यांचं तुम्ही घरच्या शास्त्रज्ञांना विचारा."

शनिवारी सकाळी तिघं पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पायथ्याशी जमले. धाकटीने रस्ता आधीच मोजून ठेवला होता: सातशे मीटर लांब, अठ्ठेचाळीस मीटर चढ. दोनदा चढलं की बरोबर तेवढंच. आत्याने शिवणाची टेप आणि खडू आणला होता. बाबांनी विजार वर गुंडाळली. आत्याने गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध खडूने रेघ मारली, टेप गुंडाळली आणि ओढली.

"आत्या, ओढू नकोस. नुसती टेकव."

"चाळीस वर्षं टेप धरतेय मी."

"हो, आणि आत्ता घेर जास्त यायला हवाय म्हणून ढिली धरशील, उद्या कमी हवाय म्हणून आवळशील. मला माहितीयेस तू."

"तुझ्या लेकीचा माझ्यावर विश्वास नाही रे," आत्या भावाला म्हणाली.

"माझाही नाही. तू माझा शाळेचा गणवेश दोन वर्षं पुरावा म्हणून चार इंच मोठा शिवला होतास."

शेवटी असं ठरलं: टेप आत्या धरणार, आकडा धाकटी वाचणार, आणि तीनदा. ३९.४, ३९.४, ३९.५.

"एकदा मोजलं की कपडा बसतो," आत्या पुटपुटली, "यांना तीनदा लागतं."

बाबा निघाले. मुंगीचा अंदाज फारसा चुकीचा नव्हता. हातात पिशवी घेतलेले एक आजोबा शेजारून चालत होते. वळणापर्यंत ते आणि बाबा बरोबरीने गेले, आणि हवापाण्याच्या गप्पाही झाल्या. आत्या पुढे जाऊन, वळून, खाली येऊन, पुन्हा मागून येत होती. "अरे, हँडलला मिठी मारू नकोस! खांदे सोड! डोंगर कुठे पळून जात नाहीये!" धाकटी मागे राहून फक्त त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होती. पाय फिरत होता. गोल, सावकाश, न थांबता.

टाकीजवळ बाबा वळले, खाली आले आणि कोणी काही बोलायच्या आत पुन्हा चढायला लागले. दुसऱ्या वेळी वळणावर ते खूपच हळू झाले. पुढचं चाक डावी-उजवीकडे डुलू लागलं. मग बाबांनी जोरात काहीतरी म्हटलं, जे धाकटीने त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं, आणि चाक सरळ झालं.

वर पोहोचल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं. केस घामाने चप्प बसले होते. टाकीच्या कठड्यावरून झाडांच्या फटीतून तलावाचा एक तुकडा दिसत होता. त्यांनी तिकडे बराच वेळ पाहिलं.

"सूज आली तर?" धाकटीने विचारलं.

"आली तर आली. पुढच्या वर्षी पुन्हा मोजू." मग जरा थांबून, "पण मला जायचंय गं."

त्या दिवशी बाबांनी दोनदा बर्फ लावला, संध्याकाळचं फिरणं टाळलं आणि पाय उशीवर ठेवून नकाशा पाहत राहिले. आईने विचारलं, तर म्हणाले, विश्रामगृहाची खिडकी कुठल्या दिशेला असेल ते बघतोय.

रविवारी सकाळी सात वाजता आत्या दारात हजर. बाबा आधीच विजार गुंडाळून पलंगाच्या काठावर बसले होते. खडूची रेघ जपायला त्यांनी आंघोळसुद्धा केली नव्हती. आई दात घासायचा ब्रश तोंडात धरूनच येऊन उभी राहिली. आत्याने टेप रेघेवर टेकवली. ओढली नाही, ढिलीही सोडली नाही. धाकटीने वाकून आकडा वाचला, लिहिला, पुन्हा वाचला, लिहिला, आणि तिसऱ्यांदा वाचला.

३९.६, ३९.७, ३९.६. सरासरीतली वाढ दोन मिलिमीटर. बाबांनी स्वतःच फोन उचलला आणि विश्रामगृहाला कळवलं, 'माणसं तीन.'