गुलाबी गोळी

पाय मोडून मिस्त्री महिनाभर प्लास्टरमध्ये पलंगावर आडवा होता. प्लास्टर निघालं आणि काही दिवसांतच पोटरी टम्म फुगली, तापली, हात लावू देईना. डॉक्टरीणबाईंनी पायाची सोनोग्राफी करून सांगितलं, आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय.

"ही गोळी गुठळी विरघळवत नाही, तिला वाढू देत नाही," त्या म्हणाल्या. "विरघळवायचं काम शरीर सावकाश करतं. पण गोळी मध्येच सोडलीत आणि गुठळी तुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतेल. मी सांगेपर्यंत बंद करायची नाही. कळलं?"

"कळलं," मिस्त्रीच्या आधी त्याची बायकोच म्हणाली.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती गुलाबी गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत पाण्याचा पेला धरून समोर उभी राहायची. कारखान्यात मिस्त्री फुशारकी मारायचा, "आमच्या घरी हेडमास्तरीण आहे, बाबा!"

त्रास एकच. मिस्त्री लाकडावर नक्षी कोरणारा, हातात पटाशी म्हटल्यावर बोटं कापायचीच. पूर्वी बोट तोंडात घातलं की भागायचं. आता रक्त थांबता थांबेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, घाबरायचं नाही, घट्ट दाबून धरायचं. पण एकदा सदरा भिजवून तो घरी आला, तेव्हा बायको पांढरीफटक पडली. "रक्ताचं पाणी करतेय ही गोळी," ती म्हणाली. त्याने हसण्यावारी नेलं.

मग एके दिवशी पटाशी निसटून अंगठ्यात घुसली. त्याने सवयीने फडकं दाबलं, जरा वेळाने उचलून बघतो तर रक्त बंद! गडी खूश. शेजारच्या सुताराला कौतुकाने अंगठा दाखवायला गेला आणि दाखवता दाखवताच चपापला. गोळी पोटात असताना इतक्या लवकर? पोटरीही दोन दिवस ओढत होती. त्याने विजार वर सारली. पोटरी पुन्हा टम्म.

तो तसाच लंगडत घरी आला. बायकोने नेहमीसारखी गोळी दिली. आज पहिल्यांदाच त्याने ती उजेडात धरून पाहिली. बायकोने दिलेली गोळी कोण कशाला निरखतो?

"कसली आहे ही?"

तिने पेला खाली ठेवला. "शक्तीची आहे हो. तुमचं रक्त बघवेना मला. सांगितलं असतं तर ऐकलं असतंत का?"

"कधीपासून?"

"सदरा भिजला होता ना, तेव्हापासून."

"आणि रंग? रंग बघून आणलीस?"

तिने मान खाली घातली. मिस्त्रीला तेच सगळ्यात जास्त लागलं. घाबरून गोळी बंद केली असती तर त्याने समजून घेतलं असतं. पण ही दुकानात जाऊन गुलाबीला गुलाबी जुळवून आली होती, आणि रोज समोर उभी राहून त्याला गिळायला लावत होती.

गुठळी मांडीपर्यंत चढली होती. "वेळेवर आलात," म्हणत डॉक्टरीणबाईंनी त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं, इंजेक्शनं सुरू केली. पुढे गोळी पुन्हा सुरू झाली.

"हीच ना, बाई? नक्की?" त्याने नर्सला दोनदा विचारलं.

बायको कोपऱ्यातून पेला घेऊन पुढे आली. मिस्त्रीने गोळी कोरडीच तोंडात टाकली. ती घशात अडकली, डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने पेल्याकडे हात नेला नाही.