मताला आलेला मुलगा

२००९ सालच्या जूनमध्ये माझा रामेझ ब्राझीलहून गावी आला, बावीस वर्षांनी, तेही मत द्यायला. आमच्या लेबनॉनमध्ये माणूस जगात कुठंही राहो, तेव्हा मत वाडवडिलांच्या गावी येऊनच द्यावं लागे.

तिकीट त्याने काढलं नव्हतं. विमानात दीडशे जण, सगळे फुकट.

"विमान कंपनीने नवस फेडला वाटतं," मी म्हटलं.

"कंपनीने नाही गं आई, परक्या सरकारने. कुठल्या ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त बोलायचं नाही."

"आणि समोरच्या पक्षाला?"

"त्यांचं सरकार वेगळं."

दोघं हसलो. त्या घरात दोन माणसांचं हसणं किती वर्षांनी ऐकत होते मी!

परतीचं तिकीट मात्र पक्षाच्या मिलादकडे होतं. मतदान केल्याची शाई अंगठ्यावर दाखवायची, तिकीट घ्यायचं, आणि बस तिथूनच विमानतळाला. मत नाही तर तिकीट नाही. रामेझचं तिकडचं दुकान बसलं होतं. स्वतःच्या खर्चाने परतणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं.

रविवारी दुपारी मी केलेल्या द्राक्षपानांच्या गुंडाळ्या पोटभर खाऊन तो वडिलांच्या पलंगावर झोपी गेला. मतदान सातपर्यंत. पाचला मिलाद दारात.

"मावशी, रामेझ कुठाय?"

"येईल."

"येईल काय, पाठवा! एक अंगठा कमी पडला तरी वरचे मला धारेवर धरतात."

"वरचे म्हणजे देव का रे?"

"देव परवडला, मावशी. तो हिशेब मेल्यावर मागतो."

तो गेला. मी रामेझच्या उशाशी बसले. दोन तास गप्प राहायचं, बस्स. मग हिवाळाभर घरात कुणाचं तरी खोकणं, कुणाच्या तरी चपला. तो तोंड उघडं टाकून घोरत होता, थेट बापासारखा. मी पडदा ओढला.

साडेसहाच्या सुमारास त्याचा फोन वाजला. तो जागा होऊ नये म्हणून मीच घेतला. पलीकडे माझी नात, सहा वर्षांची. तिची भाषा मला येत नाही. एकच शब्द कळला, पापा. तेच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

फोन रामेझच्या कानाला लावला. "ऊठ रे. तुझी लेक बोलावतेय."

बुटांच्या नाड्याही न बांधता तो धावला. त्याची बॅग मी मागून शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवली.

आमचा उमेदवार निवडून आला, मंत्री झाला, गावात फिरकला नाही. मिलाद पुढे कॅनडाला गेला. नातीचं लग्न झालं, फोटो आले. मधल्या काळात कायदाही बदलला आणि परदेशातल्यांना तिथल्याच वकिलातीत मत देता येऊ लागलं. रामेझ तिकडेच मत देतो. दिलं की फोन करून सांगतो.