गाइडातलं बेट

केझिया न्याबोके किसी नावाच्या डोंगराळ मुलखातली. केळीच्या बागा आणि चहाचे मळे बघत वाढलेली. पण शिक्षिकेची नोकरी लागली ती नेमकी व्हिक्टोरिया सरोवरातल्या म्फांगानो बेटावर, मुलींच्या शाळेत. पाण्याची तिला मनस्वी भीती. होडीत बसली की ती डोळे गच्च मिटायची, ते थेट पलीकडच्या काठावर एम्बिटाच्या धक्क्याला लागल्यावर उघडायची.

त्या वर्षी वरच्या वर्गाला एक जुनी, नावाजलेली कादंबरी लागली होती. जहाज फुटून निर्जन बेटावर अडकलेली भली माणसं. आधी मिळूनमिसळून राहतात, मग गोड्या पाण्याच्या झऱ्यावरून एकमेकांच्या जिवावर उठतात. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न एकच: यात बेट कशाचं प्रतीक आहे? गाइडातलं उत्तर केझियानं फळ्यावर उतरवलं. बेट म्हणजे एकटेपणा. जगापासून तुटलं की माणसातलं जनावर बाहेर येतं.

पहिल्या बाकावरच्या अमोंडीनं हात वर केला. "मॅडम, म्हणजे आम्ही जनावरं?"

वर्ग खिदळला.

"तसं नाही गं. हे प्रतीक आहे."

"पण आमचे पूर्वज इकडे जीव वाचवायला आले. पलीकडे कापाकापी चालली होती म्हणून. मग जनावरं तिकडची ना?"

"माझे बाबा दोन्ही बायकांच्या कटकटीला कंटाळून इथे आले," मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्या घरी बेट म्हणजे शांतता."

"आता दोघी इथेच आल्यात, ते सांग की!" दुसरीनं टोला हाणला आणि हसण्यात तास संपला. केझियाही हसली, पण फळा पुसताना तिच्या मनात काहीतरी खुपत राहिलं.

त्याच शनिवारी ती एम्बिटाला निघाली. इंजिनाची होडी ओगोला चालवत होता. सुकट ओमेना मासळीची पोती घेऊन, सगळे जिला लेकीच्या नावानं रिस्पाची आई म्हणत, ती बसली होती; मोठ्या तोंडाची, मोठ्या मनाची व्यापारीण. टोकाला ओबुया नावाचा एक काटकुळा माणूस. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. अर्ध्या वाटेत इंजिन खोकलं आणि बंद पडलं. वाऱ्यानं होडी ढकलत ढकलत एका उघड्याबोडक्या खडकावर नेऊन लावली. माणूस नाही, झाड नाही. नुसते पाणकावळे आणि त्यांच्या विष्ठेनं पांढरे झालेले दगड.

"घाबरू नका मास्तरीणबाई," ओगोला म्हणाला. "कुणीतरी जाईलच इथून."

रिस्पाच्या आईनं कापड पसरलं. तळलेला मासा, उकडलेली रताळी काढली. ओगोलाला दिली, केझियाला दिली, स्वतः घेतली आणि गाठोडं बांधून टाकलं. ओबुया चार हात लांब बसून पाण्याकडे बघत होता.

"त्यांना?" केझियानं विचारलं.

"त्याला कशाला? माझ्या भावाची जाळी कापून मासळी नेली मेल्यानं."

केझियानं आपल्यातलं रताळं उचललं, तसं रिस्पाच्या आईनं तिचं मनगट धरलं. "तुम्ही परक्या आहात बाई. माझं अन्न आहे, ते मी म्हणेन त्याच्याच पोटात जाईल."

केझियानं हात मागे घेतला. रताळं तिनंच खाल्लं. भूक लागलेली, त्यात ते गोड निघालं. आणि ते गोड लागलं याचीच तिला लाज वाटली.

दुपार कलता कलता मासेमारांची होडी आली. त्यांनी ओगोलाची होडी मागे बांधून घेतली. सगळे चढले. ओबुया खडकावरच उभा राहिला. ना त्याला कुणी हाक मारली, ना त्यानं मारली. दोर ताणला गेला, होडी हलली.

"अहो, ते राहिले!" केझिया ओरडली.

"राहू दे," रिस्पाची आई म्हणाली.

ओगोला दुसरीकडे बघत होता. केझियानं आणखी काही म्हणायला हवं होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

एम्बिटाच्या मुक्कामात रात्रभर तिच्या डोक्यात गाइडातली ओळ फिरत होती. म्हणजे पुस्तक खरं ठरलं? पण रिस्पाच्या आईचं भावासाठी जळणारं काळीज, ते जनावराचं कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी ती एम्बिटाच्या बाजारात गेली, तर चहाच्या टपरीवर एकाच बाकड्यावर रिस्पाची आई आणि ओबुया! दोघं खो खो हसत होते. केझिया टपरीशी गेली.

"काल तुम्ही यांना टाकून आलात ना?" तिनं धीर करून विचारलं.

"टाकलंच की," रिस्पाची आई म्हणाली. "चांगली अद्दल घडली असेल."

"कुणी टाकलं?" ओबुयानं चहाचा घोट घेतला. "मीच थांबलो. हिची बडबड कोण ऐकणार धक्क्यापर्यंत? मागून पुतण्या आला, घेऊन गेला."

"पण मग आज असे शेजारी शेजारी?"

"आज बाजार आहे बाई," रिस्पाची आई म्हणाली, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

केझियानं ओगोलाला गाठलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मला वाटलं, तो होडीत बसलाय."

सोमवारी तिनं हे सगळं वर्गात सांगितलं, आपण रताळं खाल्लं तेही. मुलींचे दोन तट पडले. ओबुया चोरच आहे, बरं झालं, असं काहीजणी म्हणाल्या. काहींनी रिस्पाच्या आईला शिव्या घातल्या. मॅडमना पोहता येत नाही, त्या काय करणार, अशी बाजू एकीनं घेतली, तेव्हा केझियाला जास्तच वाईट वाटलं.

सहामाहीला तिनं तोच प्रश्न घातला, मुद्दाम. कुणी बेटाला आईचं पोट म्हटलं, कुणी तुरुंग, कुणी नुसतंच 'आमचं घर' लिहून पुढचा प्रश्न सोडवायला घेतला. अमोंडीचा पेपर तिनं शेवटी वाचायला ठेवला होता. उघडला, तर गाइडातलं उत्तर, शब्दन् शब्द. जनावरासकट.

केझियानं पूर्ण गुण दिले आणि तिला बोलावून घेतलं. "अमोंडी, तुला हे पटतं?"

"नाही मॅडम."

"मग लिहिलंस कशाला?"

"मला नर्स व्हायचंय. शिकायला किसुमू शहरात जायचंय. बोर्डाचा पेपर तपासणारा काय आमच्या घरी जेवायला येणार आहे?" मग तिनं मॅडमकडे पाहिलं. "का? मॅडम, चुकलं का माझं?"

"नाही," केझिया म्हणाली. मग म्हणाली, "हो." मग पेपर तिच्या हातात देऊन म्हणाली, "जा, घंटा होईल आता."