उतारावरचे मामा

आमच्या डोंगरात वीज नदीवरून येते, आणि मनात आलं की नदीकडेच परत जाते. मंजिलच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दरड कोसळून तारा तुटल्या आणि माझी विजेची गाडी चार टक्क्यांवर अडकली. गावात दुसरी गाडी नाही.

मंजिल माझा धाकटा भाऊ. नवरीचं घर समोरच्याच डोंगरावर, पण मधे नदी: आधी चौदा किलोमीटर उतार, मग सहा किलोमीटर चढ. मुहूर्त चारचा, फागुनातला शेवटचा. तो हुकला तर चैतात लग्नं नसतात, थेट वैशाख, आणि नवरीचा बाप तोवर थांबणारा नव्हता.

उतारावर ही गाडी आपली आपण चार्ज होते. वजन जितकं जास्त तितकं बरं. म्हणून लग्नाच्या दिवशी मी वाजंत्री, त्यांचे ढोल, दोन बोकड आणि बटाट्याची चार पोती भरली. तरी एक माणूस हवाच होता. डंबरमामा, एकशे अठरा किलो.

मामा अंगणात रुसून बसले होते. काल येताना शेवटच्या चढावर मी त्यांना उतरवून चालत आणलं, आणि सगळा गाव हसला होता.

"तीस वर्षं धनबादच्या कोळशात काढली मी," मामा म्हणाले. "तिकडे ही गाडी म्हणजे शेजाऱ्याच्या घरात पेटवलेली चूल. भात आपला, धूर त्याच्या डोळ्यात."

"इथली वीज पाण्याची आहे, मामा."

"कुठाय?"

मी गाडीतलं एक पोतं सरकवून मामांसाठी जागा केली.

"भाचा पूज्य, म्हणून काल तोंड उघडलं नाही. चढताना मी ओझं. आणि उतरताना?"

"इंधन!" मंजिल रडकुंडीला येऊन म्हणाला. "चला ना, मामा."

मामा उठले. ते पुढे बसले तशी गाडी कण्हली. मग उतारभर एकेक टक्का वाढला की वाजंत्री आपलं नरसिंगा शिंग फुंकायचे. नदीवर आकडा तेरा झाला.

पुलावर मी गाडी थांबवली. चढाला फक्त नवरदेव नेता येणार होता.

"उतरतो," मामाच म्हणाले. "सवय झालीय आता." आणि बोकड हाकत पायवाटेला लागले. मला फार लाज वाटली.

नवरीच्या दारात पोचलो तेव्हा दोन टक्के उरले होते आणि चार वाजायला पाच मिनिटं. विधी सुरू झाले. दीड तासानं वऱ्हाड आलं, सगळ्यांच्या मागे मामा. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मी उलटा वाकलो.

"पाप लावतोस का मला?" मामा टुणकन मागे सरले.

नवरीच्या बापानं कौतुकानं विचारलं, "तुमच्याकडे वीज नाही म्हणे. मग गाडी चालली कशावर?"

मामांनी मानेवरचा घाम पुसला आणि छाती काढून म्हणाले, "माझ्यावर."