आठव्या घरातला चंद्र

कामिनीला पत्रिका वाचायला शिकायचंच नव्हतं. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि तिचं उत्तर कुणी देत नव्हतं.

तिची मुलगी रक्षा सिकलची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची, रोगी. दुखणं उठलं की पायाची, पाठीची हाडं आतून पिळल्यासारखी व्हायची. पोरगी उशी चावून पडून राहायची. आईबापांच्या, दोघांच्याही रक्तात हा दोष अर्धा अर्धा आहे, हे रक्षा झाल्यावर कळलं. लग्नात पत्रिका जुळवल्या होत्या. गुणही चांगले जुळले होते. रक्त कुणी तपासलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात रक्षाला रक्त चढवायला दवाखान्यात ठेवलं होतं. बाजूच्या खाटेवरच्या रोग्याला भेटायला आलेली एक बाई पंख्याखाली बसता बसता बोलून गेली, "अशी लेकरं लय दिवस नाही राहत वो." बाई निघून गेली. तिचं बोलणं कामिनीच्या मागे घरी आलं.

आठ दिवसांनी ती एसटीत बसून लाखांदूरला मधुकररावांकडे गेली. मधुकरराव निवृत्त मास्तर. सारे त्यांना गुरुजी म्हणत. लग्नाच्या, बारशाच्या पत्रिका करून देत. कामिनीनं रक्षाची पत्रिका त्यांच्यापुढे ठेवली.

"गुरुजी, हे किती वर्सं जगते, तेवढंच सांगा."

त्यांनी कागद पाहिला, घडी घातली आणि परत दिला. "आयुष्याचं मी कोणालाच सांगत नाही, बाई."

"मंग मले शिकवा. माझी मीच पाहीन."

ते हसले नाहीत. म्हणाले, "शिकवतो. पण एक वर्ष घरच्या माणसांच्या पत्रिका उघडायच्या नाहीत. कबूल?"

"कबूल," कामिनी म्हणाली. ती तेव्हाच खोटं बोलत होती.

दर रविवारी ती जाऊ लागली. रक्षाला घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तीही सोबत असायची. भोजराज, म्हणजे कामिनीचा नवरा, आधी चिडला. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतातल्या बांधीत माणूस मिळत नाही आणि ही चालली लाखांदूरले. पण त्या दवाखान्यानंतर बायकोला पहिल्यांदाच कशात तरी मन घालताना पाहून त्यानं अडवलं नाही.

सुरुवातीला कामिनीला काही उमगेना. चौकोन काढायचा, त्यात तिरप्या रेघा मारायच्या, बारा घरं पाडायची, इथपर्यंत ठीक. पण घरात लिहिलेला आकडा घराचा नसतो, राशीचा असतो, हे डोक्यात शिरायला तिला महिना लागला. घरं वरच्या मधल्या घरापासून डाव्या हातानं मोजायची, तर ती उजवीकडून मोजायची. गुरुजी न रागावता पुन्हा सांगायचे. बाजूला पाणी पीत बसलेल्या रक्षाला मात्र ते एकदाच ऐकून समजलं.

"आई, चार लिहिलं आहे म्हणजे कर्क. ते घर पहिलंच," ती म्हणायची.

"तुले कोणं विचारलं?" कामिनी खेकसायची. गुरुजी मिशीत हसायचे.

घरातला ग्रह, घराचा मालक, मग दृष्टी. गुरुजी सरावाला अनोळखी पत्रिका द्यायचे. कामिनीला त्यात फक्त आठवं घर दिसायचं, कारण आठवं घर मृत्यूचं, असं त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. कुणाचीही पत्रिका असो, तिची नजर आधी खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जायची.

"नव्या माणसाला असंच होते," गुरुजी म्हणायचे. "आधी सगळीकडे मरणच दिसते. पुरी पत्रिका पाहत जा."

पोळ्यानंतर एका दुपारी, रक्षा शाळेत असताना, कामिनीनं शब्द मोडला. मुलीची पत्रिका जमिनीवर पसरली आणि वाचायला बसली. कर्क लग्न, म्हणजे पहिल्या घरात कर्क रास. लग्नाचा मालक चंद्र. चंद्र आठव्यात. शनी सातव्या आणि आठव्या अशा दोन्ही घरांचा मालक, म्हणजे मारक. तो चौथ्यात राहूसोबत बसून थेट लग्नावर दृष्टी टाकत होता. तिनं महादशा मोजल्या. पुन्हा मोजल्या. दिवाळी झाली की गुरूची संपत होती आणि शनीची लागत होती.

दारातून कोंबड्या आत आल्या, तांदूळ टिपून गेल्या, तिनं हाकललं नाही.

रविवारी तिनं विषय गोल गोल फिरवून काढला. "गुरुजी, कर्क लग्नाले शनी मारक असते ना? आन् लग्नाचा मालक आठव्यात असला तं?"

मधुकररावांनी चष्मा काढला. "तू उघडलीस पत्रिका."

"सांगा ना."

"तुला बाराखडी येते, आणि तू कोर्टाचा निकाल वाचायला बसलीस, बाई. बंद कर ती."

'तसं काही नाही' असं ते म्हणाले नाहीत, एवढंच कामिनीनं ऐकलं. त्या दिवसापासून ती लाखांदूरला गेली नाही.

दिवाळीनंतर घराचं सगळं वळणच बदललं. कामिनीनं शनिवार धरले. पाण्याचा थेंबही न घेता सूर्य बुडेपर्यंत राहायचं, मारुतीला तेल, काळे उडीद, रुईच्या पानांचा हार. रक्षानं तळ्याच्या पारीवर, पाण्याकाठी, जायचं नाही, मैत्रिणींसोबत मंडईच्या जत्रेला जायचं नाही. पोरीला साधी शिंक आली तरी कामिनी तिच्या छातीला कान लावायची. भोजराज म्हणायचा, "तू येडी होऊन राहिली." ती हारासाठी रुईची पानं ओवत राहायची. जेवताना रक्षाकडे पाहायची आणि तिचा घास तोंडातच राहायचा. मुलगी आहे, समोर बसून भात कालवते आहे, आणि तरी ती आतापासूनच नाही, असं तिला वाटायचं. हे कुणाला सांगायचं?

रक्षा काही विचारत नव्हती. गुरुजींकडे जेवढं कामिनी शिकली होती, तेवढं तीही शिकली होती, हे कामिनीच्या ध्यानातच आलं नाही.

पौषात थंडी पडली. शनिवार होता. सकाळच्या शाळेतून रक्षा दुपारी घरी आली ती भिंतीला धरत. ओसरीवर बसली आणि म्हणाली, "आई, पाय." मग थोड्या वेळानं, "आई, छातीतबी." अंग चटचट भाजत होतं. ओठ पांढरे पडले होते, श्वास अर्ध्यावर अडकत होता.

कामिनीनं आधी एकशे आठला फोन लावला, मग भोजराजला. तो धान विकायला सरकारी केंद्रावर गेला होता. तिनं तांब्या भरून आणला, पोरीच्या तोंडाला लावला. रक्षानं तोंड फिरवलं.

"पे ना बाई."

"आज शनिवार आहे."

कामिनीला आधी अर्थच लागला नाही.

"मीबी धरतो," रक्षा म्हणाली. "दिवाळीपासून. शाळेत डबा बाजूच्या रीनाले देऊन टाकतो, घरी खाल्ला म्हणतो. पाणीबी नाही पेत."

सिकलच्या लेकराला पाणी कमी पडलं की रक्त आत अडकतं, हे डॉक्टरनं, नर्सनं, आशाताईनं कितीदा सांगितलं होतं. कामिनीनं तांब्या खाली ठेवला.

"काहून केलं असं, माय?"

"तू करतं म्हणून." रक्षानं डोळे मिटले. "मले माहीत आहे, आई. शनीची लागली. चंद्र आठव्यात आहे. मी मोजलं. गाडी नोको बोलावू. कायले नेतं? तिथंबी तेच होईन."

ती रडत नव्हती. बारा वर्षांची पोर ठरलेली गोष्ट सांगावी तशी सांगत होती. कामिनीला वाटलं, आपण इथंच जमिनीत जावं. तिनं पोरीला हलवलं, शिव्या दिल्या, पाया पडली. रक्षा ओठ घट्ट मिटून पडून राहिली.

मग कामिनी धावत आत गेली आणि पत्रिका घेऊन आली. काय पाहायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. काहीतरी सापडायलाच पाहिजे होतं. चुलीतला कोळसा घेऊन तिनं ओसरीच्या फरशीवर चौकोन काढला, रेघा मारल्या आणि कागदावरून एक एक ग्रह उतरवू लागली. आठव्या घराकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही. बाकीची अकरा पाहिली.

"रक्षा, डोळे उघड. गुरू कुठं आहे?"

रक्षानं अर्धवट पाहिलं. "बाराव्यात."

"बारावं कायचं घर?"

"खर्चाचं. नुकसानीचं."

"आणखी? गुरुजीनं काय सांगितलं होतं? खाट, पलंग... सांग ना."

"दवाखान्याचं," रक्षा पुटपुटली.

"आता गुरूची दृष्टी मोज. पाचवी कुठं पडते?"

पोरीची बोटं फरशीवर हलली. श्वास घ्यायला ती थांबली, पुन्हा मोजू लागली. "चौथ्यात. शनीवर."

"आन् नववी?"

यावेळी जास्त वेळ लागला. "आठव्यात." तिनं डोळे पूर्ण उघडले. "चंद्रावर."

"पाहून राहिला ना तो चंद्राकडे? शनीकडेबी पाहून राहिला. आन् बसला कुठं? दवाखान्यात बसला. तू घरी पडून राहिली तं तो काय करन?"

"पण आई," रक्षा धापा टाकत म्हणाली, "गुरू सहाव्याचाबी मालक आहे. रोगाच्या घराचा."

"आन् नवव्याचा? नववं कायचं?"

"भाग्याचं."

"मंग?"

बाहेर गाडीचा भोंगा ऐकू आला. रक्षा फरशीवरच्या काळ्या रेघांकडे पाहत होती. कामिनीनं तांब्या पुन्हा पुढे केला. पहिला घोट ओठावरून सांडला. दुसरा रक्षानं गिळला.

लाखांदूरच्या दवाखान्यातून त्यांना भंडाऱ्याला पाठवलं. नाकाला ऑक्सिजन, हाताला सलाईन, मग रक्ताची पिशवी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कमी पडलं का हिला?" भोजराज तेव्हा नुकताच पोचला होता, अंगावर धानाचा भुसा तसाच होता. कामिनीनं सगळं सांगून टाकलं. आपले शनिवार, पोरीचे शनिवार, काहीच लपवलं नाही. डॉक्टरीणबाई ते लिहून घेत राहिल्या. भोजराज तिला व्हरांड्यात घेऊन गेला.

"तूनं तिले मारलं असतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी येडी म्हणत होतो तं तुले वाटे, याले काही समजत नाही."

ती त्याच्या पायाशी बसली. तो तसाच निघून गेला. नंतर चहाचे दोन कप घेऊन परत आला, एक तिच्याजवळ ठेवला आणि शेजारी टेकला. पण पुढचे कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

दोन दिवस रक्षाचं काही खरं नव्हतं. छातीत न्यूमोनियासारखं झालं होतं. नर्स आली की कामिनी तिच्या तोंडाकडे पाहायची. मशीनवरचे आकडे तिला कळत नव्हते, पण ती तेही वाचायची, वर गेले की घाबरायची, खाली आले तरी घाबरायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मधुकरराव आले. गावातून कळलं होतं. झोपलेल्या रक्षाच्या कपाळाला त्यांनी हात लावला आणि स्टुलावर बसले. कामिनीनं हळूच विचारलं, "गुरुजी, मी तिले गुरूची दृष्टी सांगितली. ते बरोबर आहे का, का मी असंच जुळवलं?"

"दृष्टी आहे. तू मोजली ते बरोबर."

"मंग रक्षा वाचते?"

"दुसरा कोणी हीच पत्रिका घेऊन तुला उलटं सांगेल, आणि त्याचंही मोजणं बरोबरच असेल." ते थांबले. "मी तीस वर्षं पाहतो आहे. माझी बायको कधी जाईल, ते मला नाही दिसलं. म्हणून मी आयुष्याचं सांगत नाही. तुला त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

कामिनीला रडू आलं. तीस वर्षं शिकलेल्यालाही दिसत नाही, मग तिनं कुणाकडे जायचं होतं? तिनं तोंडात पदर कोंबला. गुरुजी उठले नाहीत, समजूतही काढली नाही. रक्षा जागी झाल्यावर त्यांनी तिला संत्र्याच्या फोडी सोलून दिल्या.

दुसऱ्या आठवड्यात सुट्टी झाली. रोजच्या कॅप्सूल बदलल्या, पाण्याचं पुन्हा बजावलं, दर महिन्याला तपासायला बोलावलं. बरी झाली, असं कुणी म्हटलं नाही. सिकल बरा होत नाही.

परतीच्या एसटीत भोजराज पुढे बसला होता. रक्षा खिडकीशी, कामिनीच्या खांद्यावर डोकं टाकून. पवनी मागे पडल्यावर ती म्हणाली, "आई, शनीची महादशा एकोणीस वर्सं असते ना?"

"हो."

रक्षा बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "म्हणजे ते संपन तेव्हा मी एकतीस वर्सांची होईन."

कामिनीनं मान वळवली असती तर पोरीला तिचा चेहरा दिसला असता, म्हणून ती समोर बघत राहिली.

"एकतीस म्हणजे लय मोठी," रक्षा म्हणाली. "तुझ्याएवढी."

"माझ्याएवढीच," कामिनी म्हणाली.