माविलंबट्टूच्या झेल्याचा सवाल

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. तेही आमचे आंबे खाऊन लिहिलंत.

मित्रांनो, मी एक जुना झेला आहे. लांब वेळू, टोकाला पातं, पात्याखाली सुतळीची जाळी. देठ कापायचा आणि आंबा अलगद जाळीत घ्यायचा, हे माझं काम. गुम्मिडिपूंडीचे कारखाने मागे पडले की आमचं माविलंबट्टू लागतं. गाव भांडखोर आहे. बांधावरून बोलणं बंद असलेली घरंही आंबे उतरवायला एकत्र येतात, आणि मी दारोदार फिरतो. जमिनीवर पडलेलं फळ आमच्याकडे कुणी विकत नाही. ते बस स्टॉपवरच्या टोपलीत ठेवतात, ज्याला हवं त्याने खावं. एवढा तोरा कुठल्या शहराला परवडतो ते सांगा.

माझी जाळी दरवर्षी सीतालक्ष्मी विणते. तिचे आजोबा तंजावरच्या मराठी घराण्यातले, तिथून इथे आले, ही बाग त्यांनीच लावली. गेल्या उन्हाळ्यात निरोप आला की जमीन पाहायला चेन्नईहून साहेब येणार, आणि साहेब मराठी आहेत. झालं, गावाला पाहुणा आला. पाहुण्यासाठी रस्त्याकडची रांग आधीच उतरवून आंबे अढीत घालायचे, म्हणजे तो येईल तेव्हा पिकलेले असतात. ही आमची रीत.

सीतालक्ष्मीचा धाकटा भाऊ रघु म्हणाला, "अक्का, साहेबांना झाडावर बघू दे की. मग काढू."

"आपली भाषा बोलणारा माणूस दारात येतोय, त्याला कच्चे देऊ होय रे? धर झेला."

त्या रांगेत एकही फळ मी ठेवलं नाही. आणि आम्ही चुकलो ते इथेच.

साहेब आले. मोकळ्या रांगेखालून चालले, मागच्या लगडलेल्या बागेकडे फिरकलेही नाहीत. ओसरीवर बसून मनगटापर्यंत रस ओघळेस्तोवर खाल्लं.

"मावशी, असा आंबा शहरात मिळत नाही हो."

"मावशी म्हणालात ना, मग दोन पेट्या न्या."

रघु हसला. "सार, जपून बोला. आणखी एकदा मावशी म्हणालात तर अक्का गाव देऊन टाकेल."

गाव तुम्ही न मागताच घेतलंत. पावसाळ्यानंतर तुमच्या अहवालावरून रस्त्यावर फलक लागला: झाडे फळत नाहीत, पडीक जमीन, गोदामांसाठी राखीव.

आज त्याच फलकावर मोहोर गळतो आहे. मित्रांनो, वस्तू जपा असं मी तुम्हाला सांगणार होतो. पण मला जपणारी सीतालक्ष्मीच सुतळीचा गुंडा मांडीवर घेऊन बसली आहे, एक गाठ मारत नाही. काल रघुला म्हणाली, "कुऱ्हाड येणार असली तर जाळी कुणासाठी विणू?"

तेव्हा साहेब, गोलगोल बोलू नका. ज्या आंब्यांच्या पेट्या तुमच्या गाडीत होत्या ते कुठल्या झाडाचे होते? ओसरीवर या, तिच्यासमोर बसा आणि सांगा. तिने जाळी विणायची की सुतळी ठेवून द्यायची?

बोला.